नावाला जामीन कोण?

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांना अक्षरे आणि आकडे जोडून केलेली नावे नवी नाहीत. हैदराबाद संस्थानाच्या काळात या भागातला देशी कापूस ‘गावरानी’ म्हणून ओळखला जाई आणि त्यातून निवडलेल्या वाणांना ‘गावरानी ६’ अशी क्रमांकाची नावे मिळत. पुढे १९८० च्या दशकात नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने एनएचएच-४४ हा संकरित वाण दिला. कोरडवाहू रानात तग धरणारा हा वाण ‘नांदेड ४४’ या नावाने महाराष्ट्राबाहेरही पोहोचला. लातूरच्या सोयाबीन पट्ट्यात जेएस-३३५, एमएयूएस-७१, एमएयूएस-१५८ ही नावे तोंडपाठ असणारी माणसे गावोगाव भेटतात. याच जिल्ह्यांतला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी किंवा लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा फोटोग्राफर आज जुन्या पीसीसाठी मोजक्या पैशात ग्राफिक्स कार्ड शोधतो, तेव्हा त्याच्यासमोरही तशीच नावे येतात: जीटी १०३०, आरएक्स ५८०, आरटीएक्स ३०५०. वरवर पाहता दोन्ही प्रकारची नावे एका घाटाची वाटतात. त्यांचा इतिहास मात्र वेगळा आहे. त्या इतिहासातून एकच गोष्ट ठळकपणे दिसते: नावावर किती विसंबायचे, हे त्या नावाला जामीन कोण आहे यावर ठरते.

बियाण्याच्या नावाला जामीन सार्वजनिक संस्था आणि कायदा यांचा होता. एमएयूएस ही अक्षरे परभणीला १९७२ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाची आणि सोयाबीनची. जेएस ही जबलपूरची. एनएचएचमधला एन नांदेडचा. म्हणजे वाण कुठून आला, हे नावच सांगते. पुढचा आकडा दर्जाचा नसतो. एमएयूएस-१५८ हा एमएयूएस-७१ च्या दुप्पट चांगला, असा अर्थ कोणताही जाणता शेतकरी काढत नाही. १९६६ च्या बियाणे कायद्याने या व्यवस्थेला बळ दिले. वाण अधिसूचित होतो, प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग लागतो आणि सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के असावी लागते. जेएस-३३५ या नावाखाली यंदा एक आणि पुढच्या वर्षी दुसराच वाण विकणे हा कायद्याने गुन्हा ठरतो.

ग्राफिक्स कार्डाच्या नावांची सुरुवातही सरळ होती. एनव्हिडियाने १९९९ मध्ये जीफोर्स २५६ आणले, २००० मध्ये जीफोर्स २ आणि २००१ मध्ये जीफोर्स ३. आकडा वाढला की पिढी बदलली, एवढाच हिशेब होता. तो २००२ मध्ये मोडला. जीफोर्स ४ एमएक्स हे कार्ड नावाने चौथ्या पिढीचे होते, पण त्याची घडण दुसऱ्या पिढीच्या घराण्यातली होती. जीफोर्स ३ मध्ये आलेले प्रोग्रॅम करता येणारे शेडर त्यात नव्हते, त्यामुळे पुढचे अनेक गेम त्यावर चालेनात. काही वर्षांनी याच कंपनीची जी-९२ ही चिप ८८००, ९८०० आणि २००९ मध्ये जीटीएस २५० अशा नावांनी बाजारात फिरली. आता आरटीएक्स ३०६० मधला ३० पिढी सांगतो आणि ६० वर्ग सांगतो, असे म्हटले जाते. हा नियम कामाचा आहे, पण तो कंपनीने स्वतः घातलेला आहे आणि तिला हवा तेव्हा ती तो मोडू शकते.

या मोडतोडीचा सर्वाधिक भार स्वस्त कार्ड घेणाऱ्यावर पडतो. जीटी १०३० हे कार्ड २०१७ मध्ये जीडीडीआर ५ मेमरीसह आले. पुढच्याच वर्षी त्याच नावाने डीडीआर ४ मेमरीचे कार्ड निघाले आणि त्यात मेमरीचा वेग जवळपास एक तृतीयांशावर आला. आरटीएक्स ३०५० चे ८ जीबीचे रूप २०२२ चे, त्यात २५६० कोर. ६ जीबीचे २०२४ चे, त्यात २३०४ कोर आणि मेमरीची वाटही अरुंद. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या आरएक्स ५८० मध्ये २३०४ स्ट्रीम प्रोसेसर असतात, पण ‘२०४८ एसपी’ अशी शेपटी लावलेले आरएक्स ५८० प्रत्यक्षात आरएक्स ५७० च्या तोलाचे आहे. जुन्या मालाच्या व्यवहारात ही शेपटी सहज गळून पडते. लॅपटॉपमधले आरटीएक्स ४०७० तर डेस्कटॉपच्या ४०७० हून बरेच लहान आहे: ५८८८ कोरांच्या जागी ४६०८, १२ जीबीच्या जागी ८ जीबी. एनव्हिडिया मागे हटली तो ठळक प्रसंग महाग कार्डाचा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेले आरटीएक्स ४०८० चे १२ जीबी रूप टीकेनंतर ऑक्टोबरमध्ये मागे घेतले गेले. जानेवारी २०२३ मध्ये तेच आरटीएक्स ४०७० टीआय या नावाने आणि कमी किमतीला आले. जीटी १०३० ला असे दुसरे नाव कोणी दिले नाही.

यावर एक रास्त आक्षेप असा की, चिप तयार करताना काहींचे थोडे भाग निकामी निघतात; त्या फेकून न देता कमी क्षमतेच्या कार्डात वापरल्या तर ग्राहकाला स्वस्त माल मिळतो. हे खरे आहे. इतकेच नव्हे, लहान रूप काही वेळा अधिक सोयीचे असते. आरटीएक्स ३०५० चे ६ जीबी कार्ड ७० वॅटवर चालते आणि त्याला बहुधा वेगळी पॉवर केबल लागत नाही. ८ जीबीच्या कार्डाला १३० वॅट लागतात. कमजोर पॉवर सप्लाय (एसएमपीएस) असलेल्या जुन्या पीसीला पहिलेच कार्ड सोसेल, जसे हलक्या रानाला लवकर येणारा वाण मानवतो. पण मग त्याला वेगळे नाव का नको? तक्रार लहान कार्डाबद्दल नाही, दोन वेगळ्या वस्तूंना एक नाव देण्याबद्दल आहे. सगळे तपशील संकेतस्थळावर असतात, हेही उत्तर पुरत नाही. काउंटरवर आणि जुन्या मालाच्या सौद्यात नावच बोलले जाते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: बियाण्यांच्या बाजारात तरी कुठे सगळे आलबेल होते? नव्हतेच. २००२ मध्ये जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीच्या बीटी कापसाच्या तीन संकरित वाणांना मान्यता मिळाली, २००६ मध्ये बीजी-२ आले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मान्यताप्राप्त बीटी वाणांची संख्या हजारावर गेली. पाकिटावरचे बीजी-२ हे जनुकाची खूण होते. तो वाण कोरडवाहू जमिनीत टिकेल की नाही, हे मूळ संकरावर अवलंबून होते. कार्डावरची आरटीएक्स ही अक्षरेही अशीच तंत्राची खूण आहेत, ताकदीचे माप नव्हे. बियाण्यांचा हा अनुभव माझा मुद्दा पक्काच करतो. नावांचा महापूर आला आणि जामीन पातळ झाला की कायदा असलेल्या बाजारातही खरेदीदार गोंधळतो. कार्डाच्या नावामागे तर बियाणे कायद्यासारखा कायदाच नाही.

म्हणून कमी बजेटमध्ये कार्ड घेणाऱ्याने पूर्ण नाव, मेमरी किती व कोणत्या जातीची, मेमरी बस किती बिटची, कोर किती आणि वॅट किती या पाच गोष्टी विचाराव्यात. नव्या पिढीच्या धाकट्या कार्डाशेजारी मागच्या पिढीचे थोरले कार्ड ठेवून तुलना करावी: १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० मेमरीच्या कामात ८ जीबीच्या ४०६० पुढे जाऊ शकते. नवे कार्ड घेतले तर हे तपशील पक्क्या बिलावर लिहून घ्यावेत. वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि क्षमता जाणून घेण्याचा हक्क २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिला आहे आणि तक्रारीसाठी जिल्हा ग्राहक आयोग नांदेडलाही आहे, लातूरलाही. बियाण्याची पिशवी घेताना टॅग आणि पावती जपून ठेवण्याची सवय मराठवाड्याने कष्टाने लावून घेतली. संगणकाच्या दुकानातही तीच सवय लावून घ्या.