अमरावतीचा आखाडा

शीत देशांत बर्फाचें सार्वजनिक क्रीडांगण गांवच्या तरुणांस एकत्र आणतें. वऱ्हाडच्या कडक उन्हांत तेंच कार्य तांबड्या मातीच्या आखाड्यानें केलें. अमरावतीस १९१४ सालीं अंबादासपंत व अनंतराव ह्या वैद्य बंधूंनीं हनुमान आखाड्याचा पाया घातला. पुढें त्याचेंच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालें.

आखाडा म्हणजे एक उस्ताद आणि त्याचे चेले, अशी जुनी रीत. येथें मात्र कुस्ती, मल्लखांब, लाठी ह्यांचें शिक्षण वर्ग भरवून दिलें जाऊं लागलें आणि शिकून गेलेला विद्यार्थी अन्यत्र शिक्षक होऊं लागला. हुतात्मा राजगुरु ह्यांनींही येथें व्यायामाचे धडे घेतले. १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं मंडळाच्या पथकानें हुतूतू व इतर देशी व्यायामप्रकार करून दाखविले. तोच हुतूतू कबड्डी ह्या नांवानें १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत पदकाचा खेळ ठरला.

ह्या ५४ वर्षांच्या वाटचालीचें श्रेय एकट्या अमरावतीचें नव्हे. परंतु खेळास साहित्य थोडें पुरतें; शिकविणारा गुरु आणि गांवाची हक्काची जागा मात्र असावी लागते, हें ह्या आखाड्यानें सिद्ध केलें.