वराडकर आणि युरोपचे दार
७. खर्डीच्या फलाटावरील गप्पांत ‘आपला वराडकर’ येतो तो लिओ वराडकर. वडील डॉ. अशोक वराडकर यांचे मूळ गाव मालवण तालुक्यातील वराड. लिओ २०१७ साली आयर्लंडचे पंतप्रधान झाले. ‘एकट्याने ब्रिटनला अडवलं’ हे मात्र कसारा लोकलमधले विधान समजावे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडताना उत्तर आयर्लंडची सीमा नाक्यांविना खुली राहावी, हा मुद्दा संघाने एप्रिल २०१७ मध्येच, म्हणजे एन्डा केनी पंतप्रधान असताना, अग्रक्रमावर घेतला होता. वराडकरांनी तो हातचा सुटू दिला नाही, एवढे श्रेय त्यांचे. आणि ते कमी नाही. संघातील देशांच्या राष्ट्र वा सरकारप्रमुखांची परिषद सहसा सहमतीने चालते, म्हणून अर्ध्या कोटी वस्तीच्या देशाची हरकतही जर्मनीला डावलता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ब्रिटनने सीमेबाबत लेखी हमी दिली, मगच पुढची बोलणी उघडली. बाकीचे देश पाठीशी राहिले ते निव्वळ स्नेहापोटी नव्हे: ब्रिटन बाहेर पडल्यावर आयर्लंडमधली ही सीमाच त्यांच्या सामायिक बाजारपेठेची सीमा होणार होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्याशी लिव्हरपूलजवळ भेट झाली, तिथे वराडकरांनाही थोडे मागे सरावे लागले. — संपा.