औषधांच्या किमतींची आंतरराष्ट्रीय तुलना

औषधांच्या किमतींची आंतरराष्ट्रीय तुलना म्हणजे एकाच औषधासाठी निरनिराळ्या देशांत द्यावी लागणारी रक्कम समान निकषांवर ताडून पाहणे होय. ‘किंमत’ या शब्दाने प्रत्येक देशात वेगळी रक्कम दर्शवली जात असल्याने ही तुलना अवघड ठरते.

किमतीचे स्वरूप

भारतात औषधाच्या वेष्टनावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. त्यामुळे मालवण आणि पणजी येथील एकाच वेष्टनाच्या किमती सहज ताडता येतात. अमेरिकेत मात्र जाहीर किंमत, सवलतीनंतर विमा कंपनीला पडणारी किंमत आणि रुग्णाचा वाटा हे तीन वेगळे आकडे असतात. सवलतीचे करार बहुधा गोपनीय राहतात. इंग्लंडमध्ये शुल्कमाफी नसलेला रुग्ण प्रत्येक औषधामागे ठरावीक शुल्क भरतो. त्याचा औषधाच्या मूल्याशी संबंध नसतो.

इतर अडचणी

नाव, मात्रा आणि वेष्टन देशागणिक बदलते. भारतातील पॅरासिटामॉल अमेरिकेत असिटॅमिनोफेन म्हणून ओळखले जाते. भारतात ५०० व ६५० मिलिग्रॅमच्या गोळ्या प्रचलित आहेत, तर अमेरिकेत ३२५ मिलिग्रॅमचीही गोळी मिळते. मूळ नाममुद्रेची तुलना जेनेरिक औषधाशी केल्यास निष्कर्ष फसवा ठरतो. चलनाचा विनिमय दर घ्यावा की क्रयशक्ती, यावरही उत्तर बदलते.

सोराफेनिबचे उदाहरण

एका देशातही एकच किंमत सांगता येत नाही, हे सोराफेनिब या मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरील औषधाच्या खटल्यात दिसून आले. बायर कंपनीच्या ‘नेक्सावर’चा महिन्याचा खर्च सुमारे २,८०,००० रुपये होता. सिप्लाचे औषध सुमारे ३०,००० रुपयांना मिळत होते. त्यावर पेटंटभंगाचा दावा चालू होता. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईत पेटंट नियंत्रकांनी नॅटको कंपनीला भारतातील पहिला सक्तीचा परवाना दिला आणि १२० गोळ्यांसाठी ८,८८० रुपयांची मर्यादा घातली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा निर्णय कायम ठेवला. यांपैकी कोणती रक्कम ‘भारतातील किंमत’ मानावी, यावर परदेशांशी केलेल्या तुलनेचा निष्कर्ष अवलंबून राहतो.

तुलनेच्या पद्धती

जागतिक आरोग्य संघटना व हेल्थ ॲक्शन इंटरनॅशनल यांनी २००३ मध्ये एक सर्वेक्षणपद्धती मांडली. तीत स्थानिक किमतीला आंतरराष्ट्रीय संदर्भ किमतीने भागतात. शिवाय, सर्वांत कमी वेतनाच्या अकुशल सरकारी कर्मचाऱ्याला उपचारासाठी किती दिवसांचे वेतन खर्चावे लागेल, तेही मोजतात. रुपयांत स्वस्त असलेले औषध रुग्णाच्या आवाक्याबाहेर असू शकते, हे या दुसऱ्या मापनाने स्पष्ट होते.