जालन्याच्या वाटेने परिचर्येकडे: उशिरा शिकणाऱ्या बायकांचा इतिहास

परिचर्येचे शिक्षण म्हणजे बारावी झालेल्या मुलींची वाट, ही समजूत अलीकडची आहे. मराठी मुलखात हा पेशा रुजवण्यात अशा बायकांचा मोठा वाटा होता, ज्यांचे एक आयुष्य आधीच जगून झाले होते. कुणाचा नवरा गेला होता, कुणाला घरच्यांनी टाकले होते, कुणाच्या पदरात लेकरे होती. आधी प्रपंच आणि मग शिक्षण, हा क्रम त्या काळी अपवाद नव्हता.

मुंबईत बायकांसाठी उभारलेले कामा हॉस्पिटल १८८६ साली सुरू झाले. एडिथ पेची या डॉक्टरबाईंच्या देखरेखीखाली तिथे परिचर्येचे शिक्षण देण्यास आरंभ झाला. १८९१ साली काशीबाई गणपत तिथे शिकायला आल्या. प्रशिक्षण घेणाऱ्या पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. तरीही बराच काळ घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबांतून कुणी या कामाकडे वळेना. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणे, रात्रपाळी करणे, विटाळाच्या कल्पना बाजूला ठेवून मलमूत्र साफ करणे, या तिन्ही गोष्टी समाजाला खटकत होत्या.

ही कोंडी फोडण्याचे मोठे श्रेय पुण्याच्या सेवासदनाला जाते. बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी १९०८ साली मुंबईत सेवासदन काढले. पुढच्याच वर्षी रमाबाई रानडे यांनी गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्याने पुण्यात काम सुरू केले. संस्थेची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. प्रौढ बाईला आधी लिहा-वाचायला शिकवायचे, मग तिचा कल आणि गरज पाहून तिला शिक्षिकेच्या, सुईणीच्या किंवा परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळवायचे. परिचर्येसाठी बायका ससून रुग्णालयात जात. त्यांच्या राहण्याची सोय संस्थेने वसतिगृहात केली आणि लोकनिंदेचा मोठा भार रमाबाईंनी आपल्या अंगावर घेतला. नुसता अभ्यासक्रम काढून प्रौढ विद्यार्थिनी येत नाही. तिला निर्धास्त राहायला जागा लागते आणि पाठीशी उभे राहणारे कुणीतरी लागते, हे त्यांनी फार लवकर ओळखले होते.

पुण्या-मुंबईत हे घडत होते तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होते. १८२७ पासून इथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. १८६०च्या दशकात नारायण शेषाद्री यांनी फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे काम जालन्यात आणले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर गावाजवळ बेथेल ही वसाहत वसवली. मिशनच्या शाळांनी वंचित घरांतल्या मुलींना अक्षरओळख दिली, तर मिशनच्या दवाखान्यांतून कामातच शिकवून परिचारिका घडवण्याची रीत पडली. मराठवाड्यातल्या सामान्य बाईला रुग्णसेवेचा पेशा दिसला तो बहुधा याच वाटेने. १९०० साली मनमाडहून जालन्यामार्गे सिकंदराबादकडे मीटरगेज रेल्वे धावू लागली. तेव्हापासून पुणे-मुंबई आणि हैदराबाद ही दोन्ही टोके जालन्याच्या आवाक्यात आली. मात्र एकट्या बाईने तिकडे शिकायला जाणे ही सोपी गोष्ट नव्हती.

स्वातंत्र्याच्या आसपास नियमांची चौकट आली. १९४६ साली देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने परिचारिकांची मोठी टंचाई दाखवून दिली. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली. देशभर एकसारखा अभ्यासक्रम ठरू लागला, त्याबरोबर शिक्षणाच्या आणि वयाच्या अटी आल्या. दर्जासाठी त्या आवश्यकच होत्या, पण सेवासदनाने उघडलेले दार त्यांनी अरुंद केले. अर्धवट शिकलेली तिशीतली विधवा आता अर्जाच्या पहिल्याच रकान्यात अडू लागली. तिच्यासाठी दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखालील केंद्रीय समाजकल्याण मंडळाने १९५८ पासून प्रौढ स्त्रियांचे संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले. थोड्या वर्षांत मॅट्रिकपर्यंत पोहोचायचे आणि मग परिचारिका, शिक्षिका किंवा ग्रामसेविका व्हायचे, अशी ती योजना होती. कल्पना जुनीच, रमाबाईंची. आता तिला सरकारी पाठबळ मिळाले.

इकडे मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी औरंगाबादेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याच्या रुग्णालयाला आजही सगळे ‘घाटी’ म्हणतात. जालन्याच्या लोकांसाठी मोठे रुग्णालय आता तासा-दीड तासावर आले. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला.

२००५ नंतर गावोगावी आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या, २५ ते ४५ वयाच्या आणि शक्यतो त्याच गावातल्या सुना. अंबड, परतूर, मंठा, भोकरदन या भागांत बाळंतपणाला सोबत करणारी, लसीकरणाला घरोघर बोलावणारी ही बाई दहा वर्षांत आरोग्यव्यवस्था आतून ओळखू लागते. पुढे शिकावेसे तिला वाटले तर वाट कोणती? काही राज्यांनी एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) आणि जीएनएम (सर्वसाधारण परिचर्या व प्रसूतिशास्त्र) या अभ्यासक्रमांच्या प्रवेशात आशांना प्राधान्य दिले आहे.

उशिरा निघालेल्या विद्यार्थिनीपुढचे पर्याय आज ठरलेले आहेत. थेट बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचे असून त्याला बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागते. कला शाखेतून बारावी झालेल्या बाईला ते दार बंदच. जीएनएमला कोणत्याही शाखेची बारावी चालते, मात्र वय १७ ते ३५ असावे लागते. २०१५ च्या सुमारास हा अभ्यासक्रम साडेतीन वर्षांवरून तीन वर्षांचा झाला. घरी लेकरू ठेवून वसतिगृहात राहणाऱ्या आईला त्या सहा महिन्यांची किंमत विचारावी. एएनएम दोन वर्षांचे आहे. एएनएम किंवा एलएचव्ही (लेडी हेल्थ व्हिजिटर) झालेल्यांना पुढे जीएनएमसाठी वयाची अट नाही, हे चाळिशीला पोहोचलेल्या बाईने विसरू नये. जीएनएम होऊन नोंदणी झाली की दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक बीएस्सीने पदवी मिळते. नोकरी न सोडता ती घेता यावी म्हणून इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९९४ साली दूरशिक्षणाचा मार्गही काढला होता. म्हणजे विज्ञान शाखा नसलेल्या तिशीतल्या बाईसाठी पदवीचा हिशेब तीन अधिक दोन असा पाच वर्षांचा होतो, आणि पहिल्या तीन वर्षांनंतर तिच्या हाती नोंदणीसह नोकरीची पात्रता असते. दोन टप्प्यांमध्ये कमावण्याची मुभा असल्यामुळे कर्ज काढून चार वर्षे सलग शिकण्यापेक्षा घरच्या जबाबदाऱ्या असलेल्या बाईला हा मार्ग बहुधा जास्त झेपतो.