शय्यामूत्र

पाच वर्षांपुढच्या मुलाला झोपेत नकळत अंथरुणात लघवी होणे. त्याआधी ती झाली तर तो वाढीचाच भाग समजतात. पाचव्या वर्षी १०० पैकी सुमारे १५ मुलांना हा त्रास असतो आणि मुलग्यांत तो अधिक आढळतो. दरवर्षी यांतली साधारण १५ टक्के मुले औषधाविना बरी होतात.

मूल आळसाने किंवा हट्टाने असे करते, हा समज साफ चुकीचा आहे. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून शरीरात व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक वाढते. काही मुलांत ते पुरेसे वाढत नाही. काहींचे मूत्राशय थोड्या लघवीनेच आकुंचन पावते. त्यात झोप इतकी गाढ, की मूत्राशय भरले तरी जाग येत नाही. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे: आई-वडील दोघांनाही लहानपणी हा त्रास असेल, तर चारांपैकी सुमारे तीन मुलांत तो दिसतो. घरातल्या मोठ्यांनी हे मुलाला मोकळेपणाने सांगावे. त्याच्या मनावरचे केवढे तरी ओझे उतरते. बद्धकोष्ठाकडे मात्र हमखास दुर्लक्ष होते. साचलेल्या मळाचा मूत्राशयावर दाब येतो, म्हणून पोट साफ होऊ लागल्यावर काहींची अंथरुणेही कोरडी राहू लागतात.

सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, तर कारण शोधावे लागते. धाकटे भावंड येणे, शाळा बदलणे, घरातली भांडणे ही नेहमीची कारणे. मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा मधुमेहही असू शकतो. सतत तहान लागणे, वजन घटणे, लघवीला जळजळ होणे किंवा जोरात घोरणे दिसल्यास डॉक्टरांकडे नेण्यास उशीर करू नये.

मारणे, चारचौघांत बोलणे, ओली चादर मुद्दाम दाखवणे यांनी त्रास वाढतोच. पाणी दिवसभर भरपूर द्यावे, संध्याकाळनंतर बेताने, चहा-कोला टाळावा. झोपण्यापूर्वी लघवीला पाठवावे. गादीवर मेणकापड व चादर, त्यावर पुन्हा मेणकापड व चादर घातली, की रात्री वरची जोडी काढली तरी खालचे अंथरूण तयार असते. दिवाही लावावा लागत नाही.

सहा-सात वर्षांनंतरही त्रास टिकला तर ओल लागताच वाजणारा गजर उपयोगी पडतो. सुरुवातीला तो ऐकून मूल उठतच नाही, आई-वडिलांनाच उठवावे लागते. गुण यायला दोन-तीन महिने जातात. सहल, शिबिर, मामाकडचा मुक्काम यांसाठी डॉक्टर डेस्मोप्रेसिन देतात. ते घेतल्यावर सकाळपर्यंत पाणी जवळजवळ वर्ज्य असते, कारण जास्त पाण्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीवर उतरू शकते.