हरणांचा वावर असलेल्या भागात बागेतील छोटे तळे : जागा, उतार, अस्तर आणि निगा

शेतघराजवळ, फळबागेच्या कडेला किंवा कृषी पर्यटन केंद्रात छोटे तळे करण्याकडे कल वाढतो आहे. तळ्यामुळे परिसरात गारवा राहतो, पक्षी येतात, कमळे फुलवता येतात. मात्र हरणांचा वावर असलेल्या भागात नेहमीच्या पद्धतीचे तळे चालत नाही. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी, सोलापूरजवळील नान्नज या माळरानांच्या आसपास काळवीट, सुपे परिसरात चिंकारा, विदर्भात चितळ आणि रोही रात्री किंवा पहाटे शेतात उतरतात. मार्च ते जूनमध्ये ओढे-नाले आटले की उघडे पाणी त्यांना हमखास खेचते. तीव्र उताराच्या, गुळगुळीत प्लॅस्टिक अस्तराच्या तळ्यात उतरलेले जनावर खूर घसरत राहिल्याने बाहेर येऊ शकत नाही. थोड्याच वेळात दमते आणि बुडते. पाडसांना धोका जास्त असतो.

आधी निर्णय, मग खोदाई

हरणांनी या तळ्यावर पाणी प्यावे की नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवा. प्यावे असे वाटत असेल तर तळे उथळ, सौम्य उताराचे आणि चारही बाजूंनी मोकळे हवे. नको असेल तर पूर्ण बंदिस्त कुंपण हवे. तीव्र उतार आणि अर्धवट कुंपण ही रचना सर्वांत धोकादायक आहे. जनावर आत जाते, पण बाहेर येऊ शकत नाही.

काळवीट आणि चिंकारा हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीतील संरक्षित प्राणी आहेत. त्यांना पकडणे, इजा करणे किंवा आमिष दाखवणे टाळा. तळ्याजवळ मीठ, चारा, धान्य ठेवू नका. तुमची जमीन अभयारण्यालगत असेल तर काम सुरू करण्यापूर्वी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांशी बोला.

जागेची निवड

• तळे पिकाच्या मधोमध किंवा भाजीपाल्याच्या कडेला नको. पाण्यावर येणारे जनावर शेजारचे कोवळे पीकही खाते. हरणे ज्या बाजूने येतात, त्याच बाजूच्या पडीक कडेला तळे घ्या.
• रस्त्यापासून दूर घ्या. तळ्याकडे येण्यासाठी जनावरांना रस्ता ओलांडावा लागू नये.
• माळरानावरील हरणे दाट झुडपाजवळ पाणी प्यायला बिचकतात. तळ्याभोवती 10 ते 15 मीटर जागा मोकळी ठेवा. मोकाट कुत्रीही त्यांना दुरून दिसतात.
• बिबट्याचा वावर असेल तर तळे घर आणि गोठ्याजवळ करू नका. पाण्यावर हरणे आली की त्यांच्यामागे बिबट्याही येऊ शकतो.
• गुरांचा हौद वेगळा ठेवा. लाळ्या-खुरकुतासारखे रोग पाळीव आणि वन्य जनावरांत एकमेकांकडून पसरू शकतात.

आकार आणि उतार

5 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि जास्तीत जास्त 60 सेंटिमीटर खोल तळे घरगुती बागेला पुरेसे आहे. एका टोकाकडून 3 मीटर लांबीत 60 सेंटिमीटर खोली गाठा, म्हणजे 1:5 चा उतार मिळतो. हीच जनावरांची वाट. उरलेल्या तीन बाजूंचा उतार 1:2 पेक्षा तीव्र नको. तळाशी साधारण 80 × 60 सेंटिमीटरचा सपाट भाग राहतो. अशा तळ्यात सुमारे 3,600 लिटर पाणी मावते. खोदताना मुरूम आणि काँक्रीटच्या जाडीइतकी जागा जास्तीची धरा.

पाण्याचा हिशोब आधीच करा. कोरड्या भागात मे महिन्यात दिवसाला 10 मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर 15 चौरस मीटरच्या या तळ्यातून रोज सुमारे 150 लिटर पाणी उडून जाते. म्हणजे आठवड्याला हजार लिटरहून जास्त पाणी भरावे लागेल. एवढे पाणी उन्हाळ्यात देता येणार नसेल तर तळे लहान करा. हरणांना एका जागेची सवय लागल्यावर ऐन मे महिन्यात ती जागा कोरडी पडू देऊ नका. ती पाण्यासाठी जवळच्या विहिरीकडे किंवा शेततळ्याकडे वळतात.

अस्तर

शेततळ्यासाठी वापरतात ते 500 मायक्रॉनचे प्लॅस्टिक पाणी उत्तम धरते, पण खुरांनी फाटते आणि ओले झाले की घसरते. हरणे उतरणार असतील तर उघडे प्लॅस्टिक वापरू नका. सिमेंटचे अस्तर पुढीलप्रमाणे करा.

1. काळ्या जमिनीत माती फुगते आणि आकसते, त्यामुळे सिमेंटला तडे जातात. म्हणून आधी 20 ते 30 सेंटिमीटर मुरूम भरून पाणी मारून नीट चोपा.
2. कोंबडी जाळीचे दोन थर अंथरून 1 भाग सिमेंट आणि 3 भाग वाळूचा 4 ते 5 सेंटिमीटर जाड थर द्या.
3. जनावरांच्या वाटेवर 1:2:4 प्रमाणाचे 7 ते 8 सेंटिमीटर जाड काँक्रीट घाला. रोहीसारखे जड जनावर येत असेल तर हे आवश्यकच आहे.
4. वाटेचा पृष्ठभाग घोटून गुळगुळीत करू नका. ओल्या काँक्रीटवर खराट्याने आडव्या रेघा ओढा आणि चपटे दगड अर्धे रोवा.
5. किमान 14 दिवस पाणी मारा. त्यानंतर तळे दोन-तीन वेळा भरून रिकामे करा. नव्या सिमेंटमुळे पाण्याचा सामू वाढतो, तो उतरल्यावरच मासे आणि वनस्पती सोडा.

वनस्पतींची निवड

कमळ आणि कुमुदिनी कुंडीत लावून खोल टोकाला ठेवा. उथळ वाटेकडील कोवळी पाने हरणे खाणार, हे धरून चाला. कडेला वेखंड, गवती चहा अशा उग्र वासाच्या वनस्पती तुलनेने टिकतात. कण्हेर हरणे खात नाहीत म्हणून ती लावण्याचा सल्ला अनेकदा मिळतो. तो मानू नका. कण्हेर पूर्णपणे विषारी आहे आणि तिची पाने पाण्यात पडतात. जलपर्णी कधीही आणू नका. पाणकणीस झपाट्याने पसरते, छोट्या तळ्यात ते टाळा.

डासांच्या अळ्यांसाठी गप्पी मासे चालतात, पण तळ्याचे पाणी ओढ्यात वाहून जात असेल तर ते सोडू नका. त्याऐवजी उथळ कडेचे शेवाळ दर आठवड्याला काढा.

पाण्यात खत आणि औषध नको

शेतातील तळ्याला सर्वांत मोठा धोका इथेच असतो. ठिबकमधून खत देण्याच्या वाहिनीवरून तळे भरू नका. युरिया विरघळलेले पाणी रवंथ करणाऱ्या जनावरांना विषारी ठरते, मग ती गाय असो की काळवीट. खताची टाकी झाकून ठेवा. फवारणी पंप तळ्याजवळ धुऊ नका. पावसाचे शेतातील पाणी तळ्यात येऊ नये म्हणून वरच्या बाजूला 30 सेंटिमीटर उंच बांध घाला. भरण्यासाठी स्वतंत्र वाहिनी आणि फ्लोट व्हॉल्व्ह बसवा.

हरणे नको असतील तर

चितळ, सांबर असलेल्या भागात 2.4 मीटर उंच जाळीचे कुंपण लागते. काळवीट आणि चिंकारा उडी मारण्याऐवजी बऱ्याचदा खालून घुसतात, म्हणून जाळी जमिनीला टेकवून पक्की करा. काटेरी तार टाळा. धावत आलेल्या जनावराला कुंपण दिसावे म्हणून वरच्या तारेवर पांढऱ्या पट्ट्या बांधा. कुंपणात घरातील वीज सोडणे बेकायदा आहे आणि त्यात माणसेही मरतात.

जुन्या, तीव्र उताराच्या शेततळ्याला कुंपण घालाच. त्याशिवाय एका कोपऱ्यात तळापासून काठापर्यंत वाळूच्या गोण्या पायऱ्यांसारख्या रचून त्यावर काथ्याची चटई घट्ट बांधा. चुकून पडलेल्या जनावराला आणि माणसालाही त्यावरून बाहेर येता येते.

जनावर पाण्यात अडकल्यास

गर्दी हटवा, कुत्री बांधा आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. पाठलाग करू नका. हरणे अतिताणाने बाहेर काढल्यानंतरही दगावतात. तोवर लांबूनच फळी किंवा गोण्यांचा आधार उताराला लावता येत असेल तर लावा. बाहेर आलेल्या जनावराला माणसे नसलेली बाजू मोकळी ठेवा. पाडस कोरडे करून घरी नेऊ नका, त्याची आई बहुतेक वेळा जवळच असते.

वर्षभराची निगा

• फेब्रुवारी : गाळ काढा, तडे बुजवा, फ्लोट व्हॉल्व्ह तपासा.
• मार्च ते जून : पातळी रोज पाहा, वाटेवरील शेवाळ घासून काढा.
• जुलै ते सप्टेंबर : वरचा बांध आणि सांडवा मोकळा ठेवा.
• ऑक्टोबर ते जानेवारी : कुंड्यांतील कमळाची जुनी पाने काढा, कुंपणाखालची माती वाहून गेली असेल तर भरून घ्या.

तळे पूर्ण झाल्यावर ओल्या वाटेवरून स्वतः अनवाणी चालून पाहा. तुमचा पाय घसरला तर खूर नक्कीच घसरेल. अशा ठिकाणी आणखी दगड रोवूनच तळे भरा.