दूरचित्रवाणीचे एक आद्य निर्माते

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे (१९१९–२०००) ह्यांचें नांव उच्चारतांच विनोदकार, नाटककार आणि बहुरूपी नट डोळ्यांपुढें उभा राहतो. भारतांत दूरचित्रवाणीचा पाळणा हलविणाऱ्या हातांत त्यांचेहि हात होते, ही गोष्ट मात्र त्यांच्या चरित्रांत बहुधा एका ओळींत उरकली जाते. तिचा थोडा सावकाश विचार करणें अवश्य आहे.

१९५५ सालीं ते आकाशवाणींत गेले. त्यापूर्वीं त्यांनीं प्राध्यापकी केली होती, आणि १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ ह्या चित्रपटांत दिग्दर्शन, संगीत व प्रमुख भूमिका हीं तिन्ही कामें एकट्यानें पेललीं होतीं. पुढें ते शिक्षणासाठीं बी. बी. सी. कडे गेले; ‘अपूर्वाई’ हें प्रवासवर्णन त्या प्रवासाचें फळ होय. १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लींत राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्तें प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालें. ह्या नव्या माध्यमाच्या आरंभींच्या निर्मात्यांत पु. ल. होते, आणि पंतप्रधान नेहरूंची दूरचित्रवाणीवरील पहिली मुलाखत त्यांनींच घेतली.

ती मुलाखत लोकांच्या स्मरणांत राहिली. निर्मात्याची खरी कसोटी मात्र अन्यत्र होती. त्या काळीं प्रक्षेपण आठवड्यांतून दोनच दिवस, तेंहि दिल्लीच्या आसमंतापुरतें होई. युनेस्कोच्या साहाय्यानें संच सार्वजनिक ठिकाणीं बसविले जात व लोक जमून पाहत. म्हणजे प्रेक्षकांची सभाच भरे. परंतु ती निर्मात्यास दिसत नसे. कीर्तनकार समोरचे चेहरे पाहून आख्यान वाढवितो किंवा आवरतें घेतो. निर्मात्यास तोच अंदाज बंद खोलींत बसून बांधावा लागतो.

पु. लं.चा पिंड कीर्तनकाराचा. सरकारी नोकरी सोडून ते रंगभूमीकडे वळले आणि ‘बटाट्याची चाळ’ एकट्यानें उभी करूं लागले. ह्या मोकळेपणाचें मोल पुढें कळलें. १९७५ च्या आणीबाणींत दूरचित्रवाणी सरकारचाच शब्द बोलत होती, पु. ल. मात्र तिच्या विरोधांत उघडपणें उभे राहिले व १९७७ च्या निवडणुकींत त्यांनीं जाहीर सभांतून प्रचार केला. सरकारच्या पगारी निर्मात्यास हें साधतें ना.

ह्या अल्पशा कारकीर्दीवरून निर्मात्याच्या दोन कसोट्या ठरवितां येतात. स्वतःचा शब्द त्याच्या स्वाधीन आहे काय? आणि न दिसणारा प्रेक्षक त्याच्या मनांत आहे काय? २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबई केंद्र सुरू झालें. तेव्हां त्याच्या लहरी सातपुड्याच्या पायथ्याशीं असलेल्या अक्कलकुव्यापर्यंत पोंचत नव्हत्या. उपग्रहांनीं पुढें तें अंतर तोडलें. परंतु घरांत भिली बोली बोलणाऱ्या तेथील माणसास पडद्यावरील बोलणें आपलें वाटेल काय, ह्याचें उत्तर कोणत्याहि यंत्रापाशीं नाहीं. तें निर्मात्यानेंच द्यावयाचें असतें.